चाकामागचा ठोकळा

उत्तमनं आणि मी सोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भाकरी. वेळ संध्याकाळी साडेपाचची. जागा भूतानच्या सरहद्दीच्या अलीकडं, आपल्या हद्दीत, चहाच्या मळ्याला लागून असलेला आमचा कॅम्प. पावसानं आठ दिवस अडकून पडलो होतो. साडेचारला ऑर्डर आली की उद्या सकाळी सहाला सरहद्दीचं गेट उघडेल, कॉन्व्हॉय, म्हणजे आमच्या फौजी गाड्यांचा ताफा, वर जाईल. उत्तम म्हणाला, मग आज भाकर झालीच पाहिजे. पंधरा दिवसांपूर्वी तो सुटीवरून आला तेव्हा त्याच्या बहिणीनं ज्वारीचं पीठ फडक्यात शिवून दिलं होतं. तेव्हापासून त्यानं ते उशाखाली ठेवलं होतं. फडकं उसवलं तर पीठ जरा कडवटलेलं. पण पीठ होतं. तीन महिने भात आणि डालडाच्या पुऱ्या खाणाऱ्या माणसाला कडवट पीठही चालतं.

आमच्या थ्री-टनर ट्रकच्या मागं तीन दगड मांडून उत्तम पीठ मळायला बसला. विस्तवाचं काम माझं. सगळा कॅम्प हिंडलो, कोरडी काडी मिळाली नाही. कोरडं लाकूड एकच होतं. ते आमच्याच गाडीखाली साखळीनं टांगलेलं होतं.

ते लाकूड म्हणजे चाकामागचा ठोकळा. तीनकोनी, हातभर लांब, साल नावाच्या झाडाच्या लाकडाचा. चढावर गाडी उभी केली की मागच्या चाकाखाली तो सरकवायचा, म्हणजे गाडी मागं येत नाही. प्रत्येक गाडीला दोन मिळायचे. आमचा एक कॅप्टन साहेबांच्या खाटेखाली गेला होता. त्यांच्या तंबूतली जमीन उतरती होती, खाट डुलायची, साहेबांना झोप लागत नव्हती. राहिला होता एक.

मी म्हणालो, "उत्तम, ह्यो जाळला तं उद्या काय लावशीन?"

"दगड. ह्या डोंगरात दुसरं हाय काय? आपल्या बापायनं जलमभर बंडीले दगडच लावला. त्याईले कोणी लाकडाचा ठोकळा देला होता?"

"हवालदार इचारीन ना बे."

"त्याले साखळी दाखवू. तो साखळीच पाह्यते."

मी कुऱ्हाड आणली. लाकूड वर्षभर ग्रीस प्यालेलं, भडकन पेटलं. उत्तमनं हातावर भाकर थापली आणि कुकहाऊसमधून मागून आणलेल्या तव्यावर टाकली. मी त्याला म्हणालो, "बाईमाणसावानी थापून राह्यला बे तू. तुले नवरा पाहा लागते आता."

"तू हास. तुले भाकर करणारी नाई भेटली तं उपाशी मरशीन, लक्ष्मण."

"तुह्या घरी हाय ना एक करणारी."

"बहीण हाय माही. पण तुह्यासारख्या आळशाले देतो काय मी?"

चार भाकरी झाल्या. दोन मी खाल्ल्या. त्यानं एक खाल्ली. "म्या घरून खाऊन आलो, तू खाय," म्हणाला. चौथी त्यानं रुमालात बांधून आपल्या हॅवरसॅकमध्ये ठेवली. "उद्या गेटच्या पलीकडं गेलो का ही माही." भाकरीला ग्रीसचा वास होता. तरी तशी भाकर पुन्हा झाली नाही.

आम्ही दोघं दुसरबीडचे. आमच्या घरांमध्ये दोन घरांचं अंतर. मी चौथी शिकलो, तो तिसरीतून उठला. तेराव्या वर्षापासून दोघंही धुरकरी, म्हणजे बंडी, बैलगाडी हाकणारे. कापूस चिखलीच्या मार्केटला न्यायचा, ज्वारी देऊळगाव राजाला. रस्ता म्हणण्यासारखं काही नव्हतं, दोन चाकोऱ्या होत्या. गावाबाहेरच्या नाल्याचा चढ लागला की एकजण बैल हाकायचा आणि दुसरा खाली उतरून मागच्या बाजूनं चालायचा, हातात एक काळा दगड घेऊन. बैल दमले की भरलेली बंडी हातभर मागं सरकते. हाकणारा ओरडायचा, "दगड लाव बे." मागचा वाकून चाकाखाली दगड ठेवायचा. बंडी तिथंच थांबायची. यात विचार करायचं काही नव्हतं. कानात शब्द पडला की हात खाली जायचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी आम्ही सोबतच भरती झालो. दोघांनाही ड्रायव्हर केलं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हलत्या गाडीच्या मागं माणूस जाणार नाही. गाडी आधी पूर्ण थांबवायची. ड्रायव्हरनं हॉर्न एकदा वाजवायचा. मग को-ड्रायव्हरनं बाजूनं येऊन ठोकळा सरकवायचा. गाडी घसरू लागली तर हॉर्न वाजवत राहायचा आणि माणसानं लांब व्हायचं. गाडी गेली तर जाऊ द्यायची, गाडी सरकारची आहे. आम्ही हे पाठ केलं, परीक्षा दिली, पास झालो. शिकवणाऱ्यांना वाटलं आम्हाला आलं.

आता हे साठ वर्षांनी का लिहायला बसलो ते सांगतो. माझी बायको गयाबाई मागच्या महिन्यात वारली. गयाबाई म्हणजे उत्तमची तीच बहीण. ते पीठ तिनं दळलं होतं. उत्तमचं सामान घेऊन मी दुसरबीडला गेलो तेव्हा तिच्या बापानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि दीड वर्षानं पोरगी दिली. जावई म्हणून काय पाहिलं त्यांनी माझ्यात, देव जाणे. पोराचा जोडीदार पाहिला असेल. लोकांना माणूस पारखता येत नाही.

गयाबाई दर भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाया तसं करतात. ओवाळून आत आली की ताट ठेवायच्या आधी एकच गोष्ट विचारायची.

"दादानं खाल्ली होती ना हो माह्या पिठाची भाकर?"

"हाव."

"किती?"

"तीन."

"अन् तुमी?"

"मी एक."

"बरं झालं," म्हणायची आणि ताट ठेवायची. पीठ कडू झालं होतं का, हेही तिनं एकदा विचारलं. मी म्हणालो, गोड होतं. भाकर कशावर भाजली हे तिनं कधी विचारलं नाही, कारण भाकर चुलीवरच भाजतात. मी कधी सांगितलं नाही, कारण मी भित्रा आहे. ती होती तोवर हा कागद लिहिला नाही. आता वाचायला ती नाही.

तिचं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि माझ्या पुतण्याचा जावई भेटायला आला. चिखलीला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. दारात जीप उभी केली. जीपवर जिकडंतिकडं कागदाची चित्रं चिकटवलेली आणि वरपासून खालपर्यंत वाळलेला चिखल. धुतली नव्हती, दाखवायला ठेवली होती. भूतानला जाऊन आला होता म्हणे, चारजण मित्र, दोन जीपा.

दोन मिनिटं गयाबाईचं विचारलं आणि मोबाईल काढला. "आबा, हे पाहा. कच्च्या रोडनं बॉर्डर क्रॉस केली आमी. ऑफ-रोड. तुमी पण तिकडंच होते ना? लय थ्रिल असंन तवा."

मी म्हणालो, "हाव. लय थ्रिल होतं."

एका फोटोत एक वळण होतं. रस्त्यावर डांबर, कडेला लोखंडी कठडा, वर चहाचं हॉटेल, हॉटेलसमोर हे चौघं बोटं वर करून उभे. ते वळण तेच का दुसरं, मला ओळखू आलं नाही. डोंगर मात्र तोच. कच्चा रोड म्हणे. डांबर सोडून दहा हात चिखलात जीप मुद्दाम घातली असेल आणि फोटो काढला असेल. या लोकांना गाडी कुठं नेतो याची फिकीर नसते, दिसतो कसा याची असते. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

गावाचंही सांगतो. ऑगस्टच्या पंधरा तारखेला शाळेत बोलावतात आणि मला शाल घालतात. भाषण करणारा मला वीर म्हणतो. त्याला विचारलं पाहिजे, कोणता वीर, कोणाला मारलं मी. उत्तमला कोणी शाल घातली नाही की त्याचं नाव घेतलं नाही. मी एकदा शब्द काढला तर एक शहाणा म्हणाला, "आबा, तो लढाईत थोडाच गेला? कागदावर लिहेल हाय ना, सोताच्या चुकीनं म्हून." त्याचं बरोबर आहे, कागदावर तसंच लिहिलं आहे. तो कागद खोटा आहे आणि त्यावर माझी सही आहे. मी मरायच्या आधी हे एवढं दुरुस्त व्हावं म्हणून लिहितो.

आता तो दिवस.

सकाळी पाचला फॉल-इन. हवालदार टॉर्च घेऊन गाड्या तपासत आला. गढवाली माणूस, कामाचा पक्का. आमच्या गाडीपाशी वाकला. "ठोकळा?" उत्तम म्हणाला, "है साब." हवालदारानं साखळी हलवली, साखळी वाजली, तो पुढं गेला. उत्तमनं माझ्याकडं पाहून डोळा मारला.

कॉन्व्हॉयमध्ये दहा गाड्या, सगळ्यांच्या पुढं कॅप्टन साहेबांची जीप. आमची गाडी नववी. दहावी हवालदाराची, बंद पडलेली गाडी ओढायची. वायरलेस दोनच, एक जीपमध्ये आणि एक हवालदाराकडं. आमच्या गाडीत वरच्या मेसचं सामान होतं. गवतात गुंडाळलेले काचेचे कप, बशा, आणि चाळीस खुर्च्या. वर कोणी मोठा माणूस येणार होता आणि त्याला चहा पाजायचा होता.

सहाला गेट उघडलं. हद्द हद्द म्हणतात ती मी त्या दिवशी पाहिली. एक बांबू वर गेला. त्यांचा एक शिपाई गुडघ्यापर्यंत घोळदार अंगरखा घालून उभा होता, त्यानं गाड्या मोजल्या. अलीकडं जो पाऊस होता तोच पलीकडं होता.

रस्ता नवीन कापलेला होता. डांबर नाही, खडी नाही, नुसती लाल चिकणमाती, वर बुलडोझरच्या पट्ट्यांचे वण. उजवीकडं गळणारी भिंत. डावीकडं काही नाही. तिकडं पाहायचं नाही, एवढंच. ताशी पाच मैल. उत्तम डावीकडच्या फूटबोर्डवर लटकून बाहेरच्या चाकावर नजर ठेवून होता.

"येऊ दे. येऊ दे. बस. अजून टीचभर हाय."

"टीचभर म्हंजे तुही का माही?"

"माही. तू भेतो, तुही लहान."

थोड्या वेळानं म्हणाला, "आपले बैल आणले असते ना लक्ष्मण, तं त्या गेटापाशीच बसले असते."

"बैलं शायनी असतात."

"म्हून तं त्याईले फौजेत घेत नाईत."

हे त्याचं शेवटचं हसणं. मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही, राहिलं.

सव्वादहाला पुढं दरड पडली होती म्हणून थांबलो. साडेअकराला वाट मोकळी झाली. त्या रस्त्यावर एका वेळी एकाच बाजूनं गाड्या जायच्या. वरचा कॉन्व्हॉय बाराला सुटणार होता. त्याच्या आधी आम्हाला वळणं संपवून वरच्या रुंद जागेवर पोचणं भाग होतं. पुढच्या आठ गाड्या चिखल तुडवून निघून गेल्या. नवव्या गाडीच्या वाट्याला काय आलं असेल ते शेतकऱ्याला सांगायला नको. मातीचा नुसता लोण्याचा गोळा झाला होता.

सातवं वळण असं होतं की थ्री-टनर एका दमात फिरत नसे. अर्धी फिरवायची, मग मागं घ्यायची, मग पुन्हा पुढं. मागं म्हणजे दरीकडं. हवालदारानं आपली गाडी वळणाच्या खाली थांबवली आणि उतरून माती पाहिली. बोटांनी चोळली. मग वायरलेसपाशी गेला. त्याची खिडकी उघडी होती, सगळं ऐकू आलं. टेल म्हणजे तो, वन म्हणजे साहेबांची जीप.

"टेल फॉर वन. सात नंबर मोड के नीचे. मिट्टी बहुत गीली है. आधा घंटा चाहिए, पत्थर डालेंगे. ओव्हर."

"वन. नेगेटिव्ह. डाऊन कॉन्व्हॉय बारा बजे छूटेगा. मेस का सामान है. निकालो. ओव्हर."

"साब, रिस्क है. ओव्हर."

"निकालो. आउट."

निकालो म्हणणारा माणूस तेव्हा वळणाच्या वर, जीपमध्ये, सपाट जागेवर बसला होता. असे शब्द नेहमी सपाट जागेवरूनच येतात. मी पुढं बऱ्याच साहेबांच्या हाताखाली नोकरी केली. काही चांगले होते. या माणसाबद्दल मला आजही चांगलं काही आठवत नाही, आणि मी आठवायचा प्रयत्नही करत नाही.

उत्तम खाली उतरला. कडेचा एक दगड उचलला, डोक्याएवढा. कमरेवर घेतला, जसा नाल्याच्या चढाला घ्यायचा. मागं जाऊन उभा राहिला आणि शिटी वाजवली. मी गाडी अर्धी फिरवली. मग रिव्हर्स टाकून मागं घेऊ लागलो. आरशात तो दिसत होता. त्यानं हात वर केला, थांब म्हणून. मी ब्रेक दाबला.

ब्रेक लागला. चाकं फिरायची थांबली. गाडी थांबली नाही. खालची मातीच सरकत होती आणि गाडी मातीसोबत दरीकडं निघाली होती. हळू, बंडीसारखी हळू.

अकरा अठ्ठेचाळीस. मी काय करायला पाहिजे होतं ते वर लिहिलं आहे. हॉर्न वाजवायचा होता. हॉर्न वाजवला असता तर उत्तम लांब झाला असता, कारण हॉर्न ही फौजेची गोष्ट होती आणि फौजेची गोष्ट तो फौजेसारखी ऐकत होता. गाडी गेली असती. मी उडी मारली असती किंवा गेलो असतो. कप फुटले असते.

मी हॉर्न वाजवला नाही. मी ओरडलो, "दगड लाव बे."

साठ वर्षं मी या तीन शब्दांचा विचार केला. मी भ्यालो होतो. भ्यालेला माणूस आपल्या गावचं बोलतो. आणि उत्तमनं ते गावच्या कानानं ऐकलं. बाजूनं नाही, मागून आला, जसा बंडीच्या मागून यायचा. वाकला. दोन्ही हातांनी दगड चाकाखाली दिला.

आपल्याकडचा काळा दगड फुटत नाही. भरलेली बंडी त्यावर चढली तरी नुसती किरकिरते. तिथला दगड पापुद्र्यांचा. चाक वर आलं आणि तो खापरासारखा फुटला.

गाडी थांबली. पण ती दगडानं थांबली नाही. यापुढं मी लिहीत नाही.

हवालदार, त्याचा ड्रायव्हर आणि मी, तिघांनी पहारी लावल्या. हवालदाराच्या गाडीनं आमची गाडी दोरखंडानं पुढं ओढली. उत्तमला काढायला अकरा मिनिटं लागली. बारा दहाला तो गेला. लोकांना वाटतं मरताना माणूस काही बोलतो. तो काही बोलला नाही. माझ्याकडं पाहिलं का, तेही सांगता येत नाही, त्याच्या डोळ्यांत पावसाचं पाणी जात होतं.

कॅप्टन साहेब चालत खाली आले तेव्हा साडेबारा झाले होते. त्यांनी टोपी काढली. मग हवालदाराला विचारलं, "क्रॉकरी?"

हवालदार म्हणाला, "ठीक है साब. एक भी नहीं टूटा."

मग साहेब गाडीच्या मागं वाकले. रिकामी साखळी त्यांनी पाहिली. एक कडी रिकामी, दुसरी कडी रिकामी. दोन कड्यांपैकी एकीचा ठोकळा कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं. एका ठोकळ्यावर ते झोपत होते, एक मी जाळला होता. त्यांना माझं ठाऊक नव्हतं, मला दोन्ही ठाऊक होतं. दोघंही गप्प राहिलो. त्या मिनिटापासून तो माणूस आणि मी एका मापाचे झालो. हे मला त्याच्यापेक्षा जास्त खुपतं.

उत्तमला हवालदाराच्या गाडीतून खाली आणलं, मागून आमची गाडी मी आणली, साहेबांची जीपही परत फिरली. दुपारी चारला गेट उघडलं, बांबू वर गेला, पुन्हा त्याच शिपायानं गाड्या मोजल्या. संध्याकाळी साडेपाचला नदीकाठी अग्नी दिला. लाकूड ओलं होतं. रॉकेल घालावं लागलं. मंत्र म्हणायला कोणी नव्हतं, हवालदारानं जे येत होतं ते म्हटलं. मी भावाच्या नात्यानं पुढं झालो. मला कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला कॅप्टन साहेबांच्या तंबूत बोलावलं. खाट तिथंच होती आणि खाटेच्या पायाखाली आमचा ठोकळा होता. त्यावर आमच्या गाडीचा नंबर पांढऱ्या रंगानं लिहिलेला होता, तो माझ्याकडं तोंड करून होता. साहेबांनी तो झाकलाही नाही. ड्रायव्हरची नजर कुठं जाते याची त्यांना पर्वा नव्हती.

क्लार्क टाइप करायला बसला होता.

साहेबांनी विचारलं, "गाडी के ठोकळे कहाँ थे?"

मी खाटेच्या पायाकडं पाहिलं.

साहेबच म्हणाले, "रास्ते में गिर गये होंगे. रास्ता खराब है."

मी म्हणालो, "जी साब."

"दोनों?"

"जी साब. दोनों."

"चलती गाडी के पीछे जाने का ऑर्डर तुमने दिया था?"

इथं खरं बोलायला जागा होती. चांगली ऐसपैस जागा होती. मी खरं बोललो असतो तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं, आणि झालं असतं तर ते बरोबर झालं असतं. तंबूबाहेर हवालदार उभा होता. त्यानं माझं ओरडणं ऐकलं होतं, पण त्याला आमची भाषा येत नव्हती.

"नहीं साब."

"तो वो अपने आप गया."

"जी साब. अपने आप."

क्लार्कनं टाइप केलं. इंग्रजीत होतं. मी माझं नाव मराठीत लिहिलं, चौथीतल्या अक्षरात. साहेबांनी कागद फाईलमध्ये ठेवला आणि चांगल्या आवाजात विचारलं, "गाडी ले जाओगे?" ते कप अजून वर जायचे होते.

"जी साब."

त्या कागदाच्या जागी आता हा कागद धरा. उत्तम किसन, ड्रायव्हर, राहणार दुसरबीड, जिल्हा बुलढाणा. तो आपल्या मनानं गेला नाही. त्याला हुकूम मिळाला होता. हुकूम मी दिला. ठोकळा मी फोडला आणि मी पेटवला. तो नियम मोडून मेला नाही, माझं ऐकून मेला.

आठला स्टोअरमधून दोन नवे ठोकळे मिळाले. मी ते साखळीला लावले आणि ओढून पाहिले. साडेआठला बांबू वर गेला. को-ड्रायव्हर म्हणून एक नवा माणूस दिला होता. पलीकडं पाचशे हातांवर रस्ता जरा रुंद आहे, तिथं मी गाडी बाजूला घेतली. उत्तमची हॅवरसॅक कॅबमध्ये खुंटीला तशीच होती. रुमाल सोडला. भाकर कडक झाली होती, ग्रीसचा वास होता. ती गेटाच्या पलीकडं खायची ठरली होती आणि ती त्याची होती. मला भूक लागली होती. मी ती उभ्याउभ्या खाल्ली, सगळी. रुमाल झटकला, घडी केली, खिशात ठेवला. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.